बर्फगाडीला नवा पट्टा

वाळवंटात बर्फ टिकवण्याची नोकरी मी गेली बारा वर्षे करतो आहे. बाहेर शेहेचाळीस अंश असताना आत उणे दोन राखायचे, आणि सुटीला आलेल्या कुटुंबांनी भाड्याचे कोट घालून ज्यावरून घसरत यावे असा उतार रोज सकाळी ताजा करून द्यायचा, हा दुबईतल्या त्या बंदिस्त बर्फघराचा व्यवसाय. तिथल्या यंत्रांची देखभाल आमच्या कंपनीकडे आहे, आणि देखभाल विभागाचा प्रमुख मी आहे. यंत्रांचे शिक्षण मी पुण्यात घेतले. आकाशातून आपणहून पडलेला बर्फ मात्र मी आजतागायत पाहिलेला नाही. ही गोष्ट मी नेमणुकीच्या वेळी लपवली नव्हती. मला ती कोणी विचारलीच नाही.

आमच्या खात्यात बर्फ पाहिलेला माणूस एकच होता. लाहौलकडचा मेकॅनिक, पन्नाशीला टेकलेला, बोलायला माझ्याहूनही कमी. दहावीपर्यंत हिंदीतून शिकलेला, इंग्रजीशी ओळख सुट्या भागांच्या खोक्यांवरच्या अक्षरांपुरती. त्याच्या गावात वर्षाचे पाच महिने रस्ता बंद असतो, आणि तिथे बर्फगाडीवरून तो आजारी माणसे खाली पोहोचवीत असे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये, पंख्याखाली घाम पुसत, तो त्याच गाड्या उघडीत बसे. मुलगी नर्सिंगला होती; तिची दोन वर्षे उरली होती, आणि तेवढी दोन वर्षे इथे काढायची एवढाच त्याचा हिशेब होता. ही माहिती मला होती. पुढे जे लिहायचे आहे, त्यातले वाईट हेच की मला सगळी माहिती होती.

उतारावर एखाद्याचा पाय मुरगळला की बर्फगाडीला मागे स्ट्रेचरची घसरगाडी जोडून वर पाठवतात. या गाडीला पुढे स्कीसारख्या दोन घसरपट्ट्या, आणि मागे चाकांऐवजी रुंद रबरी पट्टा असतो. पट्ट्यावर रबराचे आडवे उंचवटे असतात, त्यांना आम्ही लग म्हणतो. ते बर्फात रुततात म्हणून गाडी वर चढते. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ही गाडी वरच्या वळणावर जागच्या जागी घसरू लागली. मी मेकॅनिकला बोलावले.

"साहब, पट्टा घिस गया है," तो म्हणाला. "यही साइज का नया डाल दो. बस."

निदान बरोबर होते, उपाय सोपा होता, आणि नेमकी तीच त्यातली अडचण होती. वार्षिक मूल्यमापन जवळ आले होते. जुन्याच्या जागी तसेच नवे बसवणे म्हणजे देखभाल. ती करण्यासाठीच तर मला पगार मिळत होता. परंतु जुन्याच्या जागी अधिक काही बसवले तर तिला सुधारणा म्हणता येते, आणि सुधारणेसाठी आमच्या मूल्यमापनात 'नवोन्मेष' असा एक स्वतंत्र रकाना होता, जो मी अकरा वर्षे कोराच ठेवत आलो होतो. मी कॅटलॉग उघडला. आमच्या पट्ट्याचे लग सव्वा इंचाचे. तिथे दोन इंची लगांचा पट्टा होता. चित्रात एक गाडी कंबरभर भुसभुशीत बर्फातून उसळत होती. आमच्याकडचा बर्फ सिमेंटसारखा दाबून बसवलेला असतो, हे चित्र पाहताना मला आठवले नाही असे म्हणता येणार नाही. आठवले, पण दोन हा आकडा सव्वापेक्षा मोठा होता, आणि मूल्यमापन करणाऱ्यांना तेवढे कळणार होते.

आमचे जनरल मॅनेजर ठाण्याचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. चारचौघांत ते मला 'सर' म्हणतात आणि काही पटवायचे असले की 'काका'.

"काका, हे भारी आहे," ते म्हणाले. "आधी आणि नंतर असे दोन फोटो टाका. मॅनेजमेंटला 'आधी-नंतर' फार आवडतं."

मंजुरीवर सात सह्या झाल्या. सातांपैकी एकानेही गाडी पाहिली नव्हती.

पट्टा जबल अली बंदरात उतरला तेव्हा कागदांवरून नजर फिरवीत तिथला कारकून थबकला. "स्नो?" त्याने बाहेरच्या झगझगीत उन्हाकडे बोट दाखवले. "हबीबी, कहाँ है स्नो?" मी त्याला गंभीरपणे समजावून सांगितले. त्याने तितक्याच गंभीरपणे शिक्का मारला. "इन्शाल्ला," तो म्हणाला, "तुम्हारा स्नो चलेगा."

पट्टा बदलणे हे सबंध दिवसाचे काम. गाडीचे मागचे अंग घोडीवर उचलायचे, आतली सस्पेन्शनची चौकट बोल्ट काढून खाली सोडवायची, पट्टा फिरवणारा दांडा त्यावरच्या दातेरी चाकांसह मोकळा करायचा, मग जुना पट्टा ओढून काढायचा आणि नवा आत सरकवायचा. मेकॅनिकने हे सगळे मोजक्या हालचालींत केले. नवा पट्टा आत गेला तेव्हा मात्र तो थांबला. गाडीच्या पोटाखाली पत्र्याची पोकळी असते आणि तिच्या पुढच्या टोकाला इंजिनाचे पाणी थंड करणारा कूलर, पट्ट्याच्या अगदी समोर. त्याने लग आणि कूलर यांच्यामध्ये बोट घालून पाहिले आणि मान हलवली.

मी खिशातली स्टीलची पट्टी काढून अंतर मोजले. बारा मिलिमीटर.

"बारा आहे," मी म्हणालो. "बहुत है."

"साहब, खडी मशीन पे मत नापो. लोड में पट्टा आगे से ढीला होके फूलता है. ये कूलर को काटेगा." मग अंगठ्याने दातेरी चाकाकडे खूण केली. "ये नौ दाँत का है. आठ दाँत का मँगा लो, पट्टा नीचे बैठेगा, जगह मिल जाएगी. नहीं तो पुराना साइज डाल दो. इस बर्फ में दो इंच का काम ही क्या है?"

आठ दातांचे चाक मागवायचे म्हणजे मंजुरी झालेल्या मागणीत दुरुस्ती करायची, पुन्हा त्याच सात जणांकडे जायचे, आणि पहिल्या वेळी माझ्या लक्षात आले नव्हते हे सात वेळा सांगायचे. माझ्या एकाही मागणीला आजवर दुरुस्ती लागली नव्हती. या गोष्टीचा मला अभिमान होता, आणि तो मी सौम्यपणाखाली नीट झाकून ठेवला होता.

"तुम्हारा ऑब्जेक्शन है तो लिखके दो," मी म्हणालो.

"अभी देता हूँ, साहब. हिंदी में लिख दूँ?"

"हिंदी कोण वाचणार इथे?" मी म्हणालो. "इंग्लिश में दो. मेल पे."

ही वाक्ये मी आवाज न चढवता बोललो होतो. हळू बोलणारा माणूस सज्जन असतो असा समज माझ्याविषयी ऑफिसात होता, आणि माझाही होता. हिंदी कोण वाचणार, असे विचारणारा मी देवनागरी लिपीत लहानाचा मोठा झालो आहे. करामा वस्तीतल्या आमच्या घरी मराठी वर्तमानपत्राची पुरवणी आली की तिच्यातल्या शब्दकोड्याला मी कोणाला हात लावू देत नाही. त्या वर्कशॉपमध्ये समोरासमोर उभ्या असलेल्या आम्हा दोघांची लिपी एकच होती, आणि त्याला गप्प बसवण्यासाठी मी दोघांनाही परकी असलेली तिसरी भाषा मागितली. त्याने खांदे उडवले, पाना उचलला, आणि मी सांगितले तसा पट्टा बसवला. पट्ट्याचा ताण त्याने दोनदा तपासला. काम वाईट करायचे त्याला ठाऊकच नव्हते.

पहिले आठ दिवस गाडी चालली. रिकामीच चालली, कारण त्या आठ दिवसांत कोणाचाही पाय मुरगळला नाही. नवोन्मेषाच्या रकान्यात माझे पाच वाक्यांचे निवेदन गेले. 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागले. 'नंतर'च्या फोटोत गाडीशेजारी मी उसना कोट घालून उभा होतो. अभिनंदनाच्या मेलला एकवीस जणांनी उत्तर दिले, आणि त्यांतल्या तिघांनी गाडीला स्नो-ब्लोअर, म्हणजे बर्फ उडवणारे यंत्र, म्हटले.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एका बाईंचा गुडघा वरच्या वळणावर दुखावला. गाडी वर गेली, त्यांना स्ट्रेचरवर घेतले, आणि त्यांना अधिक सपाट बाजूने उतरवायचे म्हणून चालकाने तो भार ओढत आणखी थोडे वर चढायला घेतले. मी खाली प्रेक्षकांच्या काचेपाशी होतो. आधी खरखर ऐकू आली, मग गाडीच्या पोटाखालून हिरवे पाणी उडू लागले. कूलर चिरला होता. पांढऱ्या शुभ्र उतारावर हिरवा ओघळ वेडावाकडा खाली येत होता, आणि काचेच्या अलीकडे एका वाढदिवसाला जमलेली वीसएक मुले टाळ्या वाजवत होती. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. बाईंना चार माणसांनी स्ट्रेचर धरून पायी खाली आणले. दुखापत साधी होती, हे आमचे नशीब. गुडघ्याऐवजी कोणाचे डोके असते तर, हा विचार मी त्या दिवशी केला नाही. त्या दिवशी मी फक्त भिंतीवरच्या फोटोचा विचार केला.

अशा घटनेनंतर संगणकावर एक फॉर्म भरावा लागतो. त्यात 'मूळ कारण' या शीर्षकाखाली निवडीसाठी पर्याय असतात: वापरातील चूक, बसवणीतील चूक, भागातील दोष, झीज, इतर. निर्णयातील चूक असा पर्याय तिथे नाही. फॉर्म तयार करणारे निर्णय घेणाऱ्यांपैकीच होते. 'इतर' निवडले की एक चौकट उघडते आणि तीत स्वतःच्या शब्दांत लिहावे लागते. मी ती चौकट उघडली आणि बंद केली. मग 'बसवणीतील चूक' निवडले आणि छापील प्रतीवर सही केली. मी स्वतःला सांगितले की पट्टा बसवताना अंतर कमी राहिले हे काटेकोर अर्थाने सत्यच आहे, आणि यात मी कोणाचेही नाव घातलेले नाही. बसवणाऱ्याचे नाव खालच्या ओळीत संगणक आपोआप घालतो, हेही मला माहीत होते.

संध्याकाळी जेवताना मी घरी सगळी हकीगत सांगितली, म्हणजे मला सोयीची तेवढी सांगितली. पत्नी म्हणाली, "अहो, पण तो तर तुमचा चांगला माणूस ना?" मी म्हणालो, चांगल्या माणसाकडूनही फिटिंगमध्ये चूक होते. मुलगी इथेच वाढली, आता विद्यापीठात आहे, ती ताटातून मान वर न काढता म्हणाली, "बट बाबा, डिड ही टेल यू बिफोर?"

"सांगितलं म्हणजे, तसं तोंडी काहीतरी बोलला."

"सो ही टोल्ड यू."

"लेखी नाही दिलं त्याने."

"ओके," ती म्हणाली आणि भात वाढून घेतला.

दहा-बारा दिवसांनी कळले की मेकॅनिकचा व्हिसा नूतनीकरणाला आला होता, आणि एचआरने त्या फॉर्मच्या आधारे करार पुढे न चालवण्याचे ठरवले होते. त्याला परत जावे लागणार होते. मी ही बातमी ऐकून, तोंडाने 'अरेरे' म्हणून, जागेवर बसून राहिलो. मला वाटले, तो येईल, रागावेल, आणि मग त्याची समजूत काढताना मला काहीतरी सुचेल.

तो आला, पण रागावला नाही. त्याला अनुभवाचे प्रमाणपत्र हवे होते, दुसरीकडे नोकरी शोधायला. मी ते ताबडतोब, स्वतः टाइप करून दिले. इतके उदार पत्र मी आयुष्यात लिहिलेले नाही. 'अत्यंत कुशल', 'काटेकोर', 'सुटे भाग बसवण्याच्या कामात निर्दोष'. सही करताना मला मोठे बरे वाटले. त्याने कागद घडी करून नेला.

दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सुटीत, तो पुन्हा माझ्या टेबलाशी उभा राहिला. त्याच्या हातात दोन कागद होते. कामगारांच्या कॅम्पमधल्या एका केरळी सुपरवायझरकडून त्याने दोन्ही वाचून घेतले होते.

"साहब, इसमें लिखा है फिटिंग में मैं निर्दोष हूँ," त्याने प्रमाणपत्र टेबलावर ठेवले. मग दुसरा कागद त्याच्याशेजारी ठेवला. ती एचआरने त्याला दिलेली, त्या फॉर्मची प्रत होती. "इसमें लिखा है फिटिंग में मेरी गलती है. दोनों पे साइन आपका है. नयी कंपनीवाला पूछेगा, तो कौन सा दिखाऊँ?"

तो उपरोधाने बोलत नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते, कारण त्याला मुलाखतीला जायचे होते. मी दोन्ही कागद जवळ ओढले. दोन्ही सह्या सारख्याच सुबक होत्या.

"बैठो," मी म्हणालो.

"नहीं साहब, आधा घंटा ही छुट्टी है. सोचके बोल देना."

तो गेला, आणि मी जनरल मॅनेजरांच्या खोलीत गेलो. धैर्य म्हणावे असे त्यात काही नव्हते. एकटे बसणे मला अशक्य झाले होते, इतकेच. मी त्यांना सांगितले की मेकॅनिकने मला आधी सावध केले होते, उपायही सांगितला होता, आणि पट्टा माझ्या हुकमावरून तसा बसवला गेला.

"काका, कशाला?" त्यांनी खुर्ची मागे ढकलली. "विषय खलास झालाय. क्लायंटला रिपोर्ट गेला."

"रिपोर्ट खोटा आहे."

"खोटा नाही हो. सिम्प्लिफाइड आहे." ते हसले. "आणि त्याने लेखी काही दिलं होतं का?"

"देत होता. मी घेतलं नाही."

"का?"

"हिंदीत देणार होता म्हणून."

ठाण्याच्या त्या माणसाने खुर्ची पुन्हा पुढे ओढली. "म्हणजे ते लफडं आणखी वाईट दिसेल, काका. ते तर अजिबात लिहू नका."

मी ते लिहिले. फॉर्म पुन्हा उघडून 'इतर' निवडले, चौकट उघडली आणि तीन वाक्ये लिहिली: मला आधी सांगितले गेले होते, सांगणारा लिहून देण्यास तयार असता मी नकार दिला, निर्णय माझा होता. तीन वाक्यांना मला सगळी दुपार लागली, कारण प्रत्येक वाक्यात कुठेतरी 'परिस्थितीमुळे' हा शब्द आपोआप येत होता आणि तो खोडावा लागत होता. मग छापील प्रत घेऊन मी आमच्या मंदूबकडे, म्हणजे सरकारी कागदपत्रे करणाऱ्या माणसाकडे, धावत गेलो. अकरा वर्षांत मी ऑफिसात प्रथमच धावलो असेन. त्याने चहाचा पेला खाली ठेवून पडद्यावर पाहिले.

"कॅन्सल नहीं हुआ अभी. गुरुवार को करनेवाला था." आणि मग, माझ्या चेहऱ्याकडे पाहून, "यल्ला, हबीबी, साँस लो. एचआर से मेल लेके आओ."

एचआरचा मेल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी रोज सकाळी वर्कशॉपमध्ये जाऊन 'हो जाएगा' म्हणत असे, आणि मेकॅनिक रोज 'ठीक है साहब' म्हणत असे, जसे काही माझ्याच नोकरीचा प्रश्न होता आणि तो मला धीर देत होता. पाचव्या दिवशी त्याचा करार दोन वर्षांनी वाढला. मला ताकीदपत्र मिळाले. नवोन्मेषाचे गुण काढून घेण्यात आले. फोटो मात्र भिंतीवर तसेच राहिले, कारण ते काढण्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज आहे हे कोणालाच सांगता येईना.

मी त्याला करार वाढल्याचे सांगितले तेव्हा तो नवीन कूलर बसवत होता. त्याने आभार मानले नाहीत. मी क्षमा मागितली. मराठीत मागितली, कारण हिंदीत ते वाक्य मला फारच नाटकी वाटले. त्याला शब्द कळले असावेत. त्याने हात पुसले आणि म्हणाला, "साहब, एक बात. अब से मैं जो बोलूँगा, लिखके दूँगा. हिंदी में. आप पढके साइन करना."

"हाँ," मी म्हणालो.

"आज से?"

"आज से."

त्याने तिथेच, ग्रीस लागलेल्या बोटांनी, जॉब कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून दिले: सव्वा इंचवाला पट्टा मँगाना है. मी सही केली. सात जणांकडे पुन्हा गेलो. चौघांनी विचारले, मोठा पट्टा का नको? मी चौघांनाही सांगितले. सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच हळू होता, म्हणून त्यांतल्या दोघांनी मला पुन्हा विचारले, आणि मी पुन्हा सांगितले.

आता गाडी नीट चढते. पट्टा साधा आहे, त्याविषयी कोणी अभिनंदन केलेले नाही. मेकॅनिक माझ्याशी पूर्वीइतकेच बोलतो, म्हणजे फार थोडे. पण पूर्वी तो सुटीच्या दिवसांत मुलीविषयी एखादे वाक्य आपणहून बोलत असे, ते आता बोलत नाही. मी विचारले तर उत्तर देतो. चिठ्ठ्या मात्र येतात. गुणवत्ता विभागाने त्यांना एक क्रमांकही देऊन टाकला आहे, आणि तपासणीस आलेल्या पाहुण्यांपुढे 'बहुभाषिक सुरक्षा पद्धत' म्हणून त्यांचे कौतुक होते. तेव्हा मी खाली पाहतो.

गेल्या आठवड्यात एक चिठ्ठी आली. माणसांना उतारावर वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या बेअरिंगविषयी तिच्यात दोन ओळी होत्या, आणि त्यातला एक शब्द त्याच्या गावाकडचा असावा. मला तो लागेना. पेन माझ्या हातात होते आणि सहीची जागाही रिकामी होती. मी पेन ठेवले, खाली वर्कशॉपमध्ये गेलो, आणि त्याला म्हणालो, हे मला समजले नाही, दाखव. त्याने दाखवले. समजायला मला बराच वेळ लागला, आणि तो तेवढा वेळ, घाई न करता, बेअरिंग हातात धरून उभा राहिला.